मुक्कामी गाडीची पाळी

माझे बाबा माझी ओळख करून देताना सांगतात, "हे आमची पोट्टी. गाड्या मोजते." समोरचा माणूस माझ्याकडे जरा कीव केल्यासारखा पाहतो. एवढी एम.टेक. झालेली, कॉलेजात शिकवणारी पोरगी टोलनाक्यावर बसते की काय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. पूर्वी मी चिडायचे. राग माझ्या नाकावरच असतो, असं आई म्हणते आणि ते खोटं नाही. मग मी तिथल्या तिथे समजावायला बसायचे, की बाप्पा, मी गाड्या मोजत नाही, माणसं कशानं जातात आणि तेच का निवडतात, याचं गणित मांडते. बाबा मान डोलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे.

गणित तसं अवघड नाही. समजा, बाभुळगावहून यवतमाळला जायचंय. एसटी आहे, काळीपिवळी जीप आहे, नाहीतर कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जाता येतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट, पण ती येईल तेव्हा येईल. काळीपिवळी समोर उभी असते, पण गच्च भरल्याशिवाय हलत नाही. मोटरसायकल झटपट पोचवते, पण ती दुसऱ्याची, आणि त्याचं काम उरकलं की त्याच्याच वेळेला परत यावं लागतं. माणूस मनातल्या मनात हे सगळं तोलतो आणि एक काहीतरी धरतो. अशा शेकडो माणसांना विचारलं, की त्यांच्या मनातल्या तराजूचा अंदाज बांधता येतो. थांब्यावर ताटकळणं किती जड, पायी चालणं किती जड, पैसे किती जड. तो अंदाज म्हणजे मॉडेल. उद्या एखादी गाडी बंद केली, तर तिची माणसं कशाकडे वळतील हेही ते सांगतं. हे शेवटचं वाक्य मी वर्गात मोठ्या ऐटीत म्हणायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाकडे एसटीचं एक काम आलं. बाभुळगावच्या आसपासच्या खेड्यांत जाणाऱ्या फेऱ्यांपैकी कोणत्या रिकाम्या धावतात, कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या काढाव्यात, हे पाहून अहवाल द्यायचा होता. विभागप्रमुखांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि मला ते आवडलंच. मी मूळची त्याच बाजूची. आमचं शेत तिकडे, कापूस आणि तूर. यवतमाळजवळ लोहाऱ्याला खोली घेऊन राहते ती नोकरीमुळे. आपल्या मातीतलं पहिलं मोठं काम म्हणून मी अंगात आल्यासारखी त्याच्या मागे लागले.

फॉर्म मीच बनवला. तुम्ही आज कशानं जाताय, याखाली सहा चौकोन होते. एसटी, काळीपिवळी, ऑटो, मोटरसायकल, सायकल, पायी. चार विद्यार्थिनी घेऊन मी बाभुळगावच्या स्टँडवर आठ दिवस उभी राहिले. लोक मजा घ्यायचे. एक बाई म्हणाली, "म्याडम, बैलबंडी नाही का लिहिली?" दुसरी म्हणाली, "लिहा वो, नवऱ्याच्या डोक्यावर बसून जातो म्हणून." सगळं स्टँड हसायचं आणि चौकोन भरत जायचे.

एक म्हातारे काका मात्र फॉर्म हातात धरून बराच वेळ उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, काखेत पिशवी. त्यांनी सहाही चौकोन बोटानं वाचले आणि मला विचारलं, "अन् मी गेलोच नाही, तं ते कोठं लिहाचं?"

मला घाई होती. मी म्हटलं, "काका, जायचं नसतं तं तुम्ही इथं स्टँडवर कायले आले असते?"

आजूबाजूचे हसले. काकाही हसले. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले, एसटीच्या चौकोनात फुली मारली आणि गाडीत जाऊन बसले. मी पुढच्या माणसाकडे वळले. खरं सांगते, ते माझ्या लक्षातही राहिले नाहीत.

महिन्याभरात मॉडेल तयार झालं आणि चांगलं झालं. आकडे एकमेकांशी जुळत होते. त्यात एक फेरी अगदीच लंगडी निघाली. यवतमाळहून निघून बाभुळगावमार्गे एका तांड्यावर संध्याकाळी पोचणारी मुक्कामी गाडी. म्हणजे रात्रभर तांड्यावरच थांबायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथेच झोपायचं आणि सकाळी सहाला परत निघायचं. तांडा बंजारा लोकांचा, सत्तर-ऐंशी घरांचा. पण संध्याकाळच्या गाडीतून तिथे उतरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि सकाळी बसणारी त्याहूनही कमी. बाकी सगळे ऑटोनं आणि मोटरसायकलनं. मॉडेल सांगत होतं, की ही गाडी काढली तर तिची चार-सहा माणसं ऑटोकडे वळतील, कोणाचं फारसं अडणार नाही. मी मसुद्यात लिहून टाकलं, ही फेरी बंद करण्यास हरकत नाही.

विभागप्रमुख कमी बोलणारे. मसुदा वाचून त्यांनी विचारलं, "तांडा पाहिला का?"

"डेटा आहे ना, सर."

"तांडा पाहिला का, ते विचारलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं रात्रंदिवस खपून काम केलं आणि यांना सहल हवी आहे, असं मनात म्हणत मी दुसऱ्या दिवशी दुपारी बाभुळगावला उतरले. आज मात्र त्यांच्या त्या एका प्रश्नासाठी मी त्यांना मनापासून हात जोडते. समोर कधी बोलले नाही, कारण त्यांना असलं बोललेलं आवडत नाही.

तांड्यावर जाणारा ऑटो स्टँडबाहेर उभा होता. मी एकटीच बसले. ऑटोवाला चहा पीत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणखी एक बाई आली, मग कोणीच नाही. वाट पाहणं माणसाला किती जड जातं, यावर मी वर्गात तासभर बोलते. स्वतःवर आलं तेव्हा वीस मिनिटांत माझा जीव कासावीस झाला. म्हटलं, "दादा, स्पेशल चला. जाऊन यायचंय. या मावशींनाही घेऊ."

तो खूश झाला. "मंग तिकडंच थांबतो, म्याडम, तुमचं होईस्तोवर." मलाही बरं वाटलं. परतीची काळजी मिटली.

तांड्याच्या तोंडाशी शाळा आहे, शाळेपुढे मोकळी जागा, आणि गाडी तिथेच वळून उभी राहते. त्या जागेसमोरच्या घराच्या ओट्यालगत चुलीवर एक साठीच्या पुढची बाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. हातात जुन्या पद्धतीच्या बांगड्या, डोक्यावरून पदर, आणि नजर अशी की आपण आपोआप सरळ उभे राहतो. घरात कोणाशी तरी ती गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलली, मग माझ्याकडे वळून वऱ्हाडीत म्हणाली, "बसा. कोणाकडं आल्या?"

मी सांगितलं, गाडीची चौकशी करायला आले. तिनं पाट पुढे सरकवला. दुरडीत भाकऱ्यांची चळत वाढत होती. मी विचारलं, "घरी पाहुणे आहेत का, याडी?" तांड्यावर आईला याडी म्हणतात, एवढं मला माहीत होतं.

"पाहुणे कायचे. गाडीवाले. आज पाळी माह्यी हाय."

मग तिनं सांगितलं. मुक्कामी गाडी सुरू झाली तेव्हापासून ड्रायव्हर आणि कंडक्टरचं संध्याकाळचं जेवण तांडा देतो. घरोघर पाळी असते. शाळेच्या टोकाकडून सुरू होऊन नाल्याच्या टोकापर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्या घराला येते. कोणी गावाला गेलं तर शेजारी सांभाळतो, पण पाळी चुकत नाही. ज्यांच्या घरचं कोणी वर्षभरात त्या गाडीत बसलेलं नाही, त्यांचीही चुकत नाही.

मी वही काढली. "तुमच्या घरचं कोणी बसते का गाडीत?"

"मी बसतो कधी सणावाराले. मालक तं बसतच नाहीत, त्यायले लागते गाडी. पोरगा पुण्याकडं कंपनीत. सून जाते रोज यवतमाळले, नर्सचं शिकते. एक वर्ष राह्यलं तिचं."

"ती कशानं जाते?"

"ऑटोनं. बाभुळगावातून पुढं दुसरी एसटी. सकाळची मुक्कामी सहाले सुटते, तवा तिचं पाणी भरणं व्हाचं असते. येते बी ऑटोनंच. पाचच्या आत घरी असते."

मी लिहून घेतलं. आतून जरा समाधानच वाटलं, कारण मॉडेलही हेच सांगत होतं. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, फक्त कागद पुरा व्हावा म्हणून. "समजा, याडी, ही मुक्कामी गाडी बंद झाली. मग?"

तिचा हात भाकरीवर थांबला. "मंग तिचं बी बंद."

"काय बंद?"

"जाणं."

मला वाटलं, तिला प्रश्न नीट कळला नाही. मी म्हटलं, "पण ती तं ऑटोनं जाते ना."

"जाते. ऑटो आला तं जाते. लग्नसराईत ऑटो नाही. त्याची बायको माहेरी गेली का ऑटो नाही. सवाऱ्या नाही भेटल्या का तो अर्ध्यातून घरी जाते. त्या दिवशी माह्यी सून कशी येईल?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तिचा नंबर लागला तवा घरात कोणीच हो म्हणत नव्हतं. तिचा सासरा नाही, तिचा जेठ नाही. पोरगा तिकडून फोनवर म्हणे, आई, तू पाह्य. मी सगळ्यायले एकच सांगतलं. संध्याकाळची गाडी आपल्या दारापुढं थांबते. काही झालं तं पोट्टी गाडीत बसंल अन् दारात उतरंल. गाडी रिकामी असली तरी येते. तवा कोठं हो म्हणले. आता गाडीच नाही, तं मी कोणत्या तोंडानं पाठवू?"

मी वही मिटली. माझ्या फॉर्मवर सहा चौकोन होते आणि सहाही चौकोनांत माणूस जातच होता. न जाणारा माणूस माझ्या गणितात नव्हताच. मी स्टँडवर उभं राहून विचारत होते, आणि जे घरी बसले ते स्टँडवर कुठून येणार? तेव्हा मला ते काका आठवले, रुमालवाले. त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी चारचौघांत त्यांचं हसू केलं होतं. इतकी लाज मला परीक्षेत नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

पाच वाजून गेले, सहा वाजले, सून आली नाही. याडीची नजर सारखी रस्त्याकडे जाऊ लागली. माझा ऑटोवाला शाळेच्या सावलीला मोबाइल पाहत बसला होता. मलाही निघायचं होतं, पण पाय निघेना. आणखी थोड्या वेळानं दुरून गाडीचा आवाज आला. धूळ उडवत गाडी वळली, उभी राहिली आणि पाच माणसं उतरली. पाचवी ती. पांढरा ॲप्रन घडी करून छातीशी धरलेला, पाठीला दप्तर, चेहरा थकलेला.

"आज गाडीनं?" याडीनं विचारलं.

"ऑटो नव्हता स्टँडवर. फोन केला त्यायले, तं म्हणे, एक म्याडम स्पेशल घेऊन गेल्या."

याडीनं माझ्याकडे पाहिलं. ऑटोवाल्यानंही मोबाइलवरून मान वर केली. मग याडी जी हसायला लागली, ती डोळ्यांना पदर लावेपर्यंत. "हेच वं त्या म्याडम," ती म्हणाली. "गाडी बंद करू का म्हणून इचाराले आल्या, अन् तुह्या ऑटो घेऊन आल्या." सूनही हसली. मी हसले नाही. माझ्या एका स्पेशलनं एका पोरीचा परतीचा रस्ता त्या दिवशी काढून घेतला होता, आणि तिला घरी आणलं होतं ते मी कागदावर बंद केलेल्या गाडीनं.

सुनेनं मला पाणी दिलं. मी विचारलं, "खरंच बंद केलं असतं का, शिकणं?" तिनं सासूकडे पाहिलं नाही. सासूला ती आत्या म्हणायची. हळूच म्हणाली, "आत्या एकटी किती जणायशी भांडंल?" आणि ॲप्रन घेऊन आत गेली.

परतताना ऑटोत मी आईला फोन लावला. विचारलं, "आई, मी अकरावी-बारावीले यवतमाळले जायची, तवा तू कशी काय पाठवलं मले?"

"कशी म्हणजे? संध्याकाळची सातची गाडी होती नं."

"मी किती दिवस बसली असंन त्या गाडीत?"

"तू कायची बसते. तू त्या मैत्रिणीच्या बापाच्या गाडीत येत होती रोज." आणि मग आई म्हणाली, "काहून? काय झालं? रडून राह्यली का तू?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. आईला ते पटलं नाही. आईचे उपकार मोजायला बसले तर माझं कुठलंच मॉडेल पुरणार नाही, पण त्यातला हा एक मला त्या दिवसापर्यंत दिसलाच नव्हता.

मसुदा मी फाडला नाही, पण मागे घेतला. सर फक्त "हं" म्हणाले आणि महिनाभराची मुदत वाढवून आणली. फॉर्मवर सातवा चौकोन आला. ही गाडी नसती तर तुम्ही किंवा घरचं कोणी जाणंच सोडलं असतं का? आणि या वेळी आम्ही स्टँडवर उभ्या राहिलो नाही, घरोघर गेलो. पुरुष ओट्यावर उत्तरं द्यायचे, मग आम्ही चुलीपाशी जाऊन बायांना तेच विचारायचो आणि उत्तर वेगळं यायचं. एका घरात एका म्हातारीनं तर मला झापलंच, "त्यायले काय इचारता, त्यायले घरी कोण अडवते?" तिचीही मी ऋणी आहे. त्या रुमालवाल्या काकांना मी खूप शोधलं. स्टँडवर दोनदा चौकशी केली. ते सापडले नाहीत. त्यांची माफी आणि त्यांचे आभार दोन्ही माझ्याकडे पडून आहेत.

सातवा चौकोन घातल्यावर तराजू पार कलला. एसटीच्या बैठकीत एका साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "म्हणजे जे लोक गाडीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी गाडी चालवायची?"

मी म्हटलं, "हो, सर." आणि मग, अंगातला राग आवरत, त्यांना एका सुनेची गोष्ट सांगितली. आकडे नंतर दाखवले. साहेबांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. म्हणाले, "माझ्या बहिणीची शाळा अशीच सुटली होती." फेरी एक वर्षासाठी ठेवायचं ठरलं, पुढचं पुढे पाहू म्हणाले. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मोजलं, सुनेचंही एकच वर्ष राहिलं होतं.

ते वर्ष मी कसं काढलं, मलाच माहीत. दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून चौकशी करायचे, गाडी जाते ना, ती जाते ना. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तेव्हा गाडी दोन दिवस अलीकडेच थांबली, आणि मी कॉलेजात विद्यार्थ्यांवर विनाकारण ओरडले.

मग एक दिवस दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे याडी. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाली, "पोट्टी पास झाली. शुक्रवारी पाळी तुमची."

"माझी? कसली पाळी?"

"गाडीवाल्यायची. नाल्याच्या टोकापर्यंत झाली, आता शाळेच्या टोकाकडून सुरू व्हाची हाय. मधात एक घर तुमचं टाकलं. सगळ्यायनं हो म्हणलं. दोघायचं जेवण आणजा. पाळी चुकवाची नाही, बरं का."

पुरस्कार वगैरे मला कधी मिळाले नाहीत. मिळाला तर काय वाटत असेल ते आता मला ठाऊक आहे. शुक्रवारी मी कॉलेजातून लवकर निघाले. आईला लोहाऱ्याला बोलावून घेतलं होतं, बाबा तिला सोडायला आले होते. तिनं ज्वारीच्या भाकरी केल्या, मी बेसन आणि वांग्याची भाजी केली, ठेचा आईनं माझ्या हाताला लागू दिला नाही. डबा फडक्यात बांधला. बाबांनी विचारलं, "कशानं जातं?" माझी स्कूटर दारात उभी होती. मी म्हटलं, "गाडीनं."

यवतमाळच्या स्टँडवर गाडीत चढले तर खिडकीशी तीच बसलेली. मांडीवर निकालाचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. मला पाहून सरकली. मी म्हटलं, "तू या गाडीत कशी? बाभुळगावहून तुझा ऑटो असतो ना?"

"आज बी आहे, म्याडम. त्याचा फोन आलता, थांबून राह्यलो म्हणे." ती माझ्या डब्याकडे पाहत होती. "म्या म्हणलं, आज नाही. तीन वर्षं ज्या गाडीच्या भरवशावर गेली, तिच्यात आज बसून घरी जातो."

बाभुळगाव सोडल्यावर गाडीत आम्ही सहाच जण उरलो. कंडक्टर पुढून आला. तिला त्यानं ओळखलं, माझ्याकडे पाहून म्हणाला, "तांड्याले? कोणाकडं जाता, म्याडम?"

मी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, "कोणाकडं नाही. तुमच्यासाठीच आली. आज पाळी माह्यी हाय."